बाळंतिणीच्या खोलीतली वीज

शर्वरीला सातवा महिना लागला त्या आठवड्यात मी मेजर सबनीसांच्या टेबलावर अर्ज ठेवला. चार ओळींचा. मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, तिला माहेरी आणण्यास परवानगी मिळावी.

मेजरांनी तो दोनदा वाचला. वय पस्तिशीचं, हुद्दा मोठा, पण वाचताना ओठ हलवायची सवय काही गेली नव्हती.

"किती दिवस, मॅडम?"

"आत्तापासून बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत. चार महिने धरा."

"गिझर वाढेल."

"वाढेलच."

"एसी?"

"ऐन वैशाखातलं बाळंतपण आहे, साहेब."

त्यांनी अर्ज उलटा करून ठेवला. "उत्तर तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. तरी विचारलं होतं. आपल्याच मुलीला आपल्याच घरी आणायला लष्कराची परवानगी कशाला, हे ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल, म्हणून ते आधी सांगते.

मी देवखडीच्या छावणीसाठी वीज विकत घेते. वीजबाजार मोकळा झाला तेव्हा छावण्यांची ठरलेल्या दराची वीज बंद झाली आणि साखर कारखाना, मॉल, रुग्णालय यांच्याबरोबर त्याही रांगेत आल्या. दिवसाचे शहाण्णव तुकडे पाडलेले असतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे. कोणत्या तुकड्यात किती वीज हवी आणि काय भावानं, याची बोली आदल्या दिवशी लावायची. घेणाऱ्याचं नाव कोणाला दिसत नाही. एकूण मागणी किती आली आणि भाव काय फुटला, एवढंच दिसतं.

पण व्यापाऱ्यांनी अंदाज बांधणारी यंत्रं बसवली आणि त्या यंत्रांना नावाची गरज नव्हती. साखर दोन किलो जास्त गेली की वाण्याला न सांगता कळतं, यांच्याकडे पाहुणे आलेत. तसंच हे. सैन्य हलायच्या आधी वीज हलते. बॅटरीवरचे ट्रक चार्ज करावे लागतात, रडार थंड ठेवावं लागतं, हजार माणसांचा स्वयंपाक व्हावा लागतो. पाच वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका ठाण्यावरून एक तुकडी गुपचूप निघायची होती. ती निघायच्या आठ तास आधी त्या भागातला विजेचा भाव चढला. सीमेपलीकडच्यांना हेर पाठवावा लागला नाही. त्यांनी भाव पाहिला. अकरा मुलं परत आली नाहीत.

त्यानंतर प्रत्येक छावणीत बॅटरीघर आलं. बाजारातून रोज तेवढीच वीज घ्यायची. कमी लागली तर साठवायची, जास्त लागली तर साठ्यातून काढायची. बाहेरून पाहणाऱ्याला सरळ रेघ दिसली पाहिजे. मोठी हालचाल असेल तर साठा आधीपासून, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं भरत न्यायचा. हे काम पहिल्यांदा यंत्राला दिलं. यंत्राची रीत दुसऱ्या यंत्रानं तीन आठवड्यांत ओळखली. मग माणूस बसवला.

तर माणूसही ओळखला गेला. घरांच्या मीटरची माहितीही आता विकली जाते, नावं काढून. माझ्या आधी या खुर्चीवर होते ते गृहस्थ हालचालीच्या आठवड्यात काळजीनं लवकर उठायचे आणि साडेचारलाच शेगडीवर चहा टाकायचे. घर कोणाचं, ते बाजारातल्या यंत्राला माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं की या एका मीटरवरची शेगडी लवकर पेटली की त्या आठवड्यात छावणीत काहीतरी होतं. शेवटी त्यांचा चहा पकडला गेला, पण तेव्हापासून ही यंत्रं छावणीजवळच्या प्रत्येक मीटरवर डोळा ठेवून आहेत.

म्हणून त्यांना असा माणूस हवा होता ज्याला सगळं माहीत आहे आणि ज्याच्या घरात काहीच हलत नाही.

मुलाखतीत मला बाजाराबद्दल फारसं विचारलंच नाही. "सकाळी किती वाजता उठता?" पाचला. "सुट्टीच्या दिवशी?" पाचला. "ताप असला तर?" दिवा लावायला उठावंच लागतं. उठल्यावर अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, पोथीचा एक अध्याय, मग चहा. दुपारचं जेवण मौनात. गुरुवारी एकदाच जेवण. समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले, आणि मला वाटलं माझी टिंगल चाललीय. आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं.

"तीस वर्षं सांगतोय, माझं लग्न घड्याळाशी लागलंय," हे म्हणाले. "आता सरकारनं शिक्का मारला."

हे निवृत्त शिक्षक. गणित शिकवायचे आणि विनोद सांगायचे. विनोदांना मुलं जास्त घाबरायची.

सुरुवातीला मला ती देवाची कृपा वाटली. आपले नेम कोणाच्या तरी मुलांचे जीव राखतायत, यापरतं काय हवं? तीन वर्षं मी एकही सकाळ चुकवली नाही. भावाच्या मुलाच्या लग्नाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत आले. मग एकदा सणसणून ताप होता, आणि पाचला डोळे उघडले तेव्हा मनात पहिला शब्द आला तो 'मीटर'. देव नंतर आला. ते मी कोणाला सांगितलं नाही.

शर्वरीला फोन केला तेव्हा ती डोहाळजेवणाचे फोटो निवडत होती. सांगलीला दिलीय तिला. सासूबाई संधिवातानं जेरीला आलेल्या, नवरा जहाजावर.

"नवव्यात ये गं," मी म्हटलं. "सातव्यात जरा इथं कामाचं आहे."

"कामाचं म्हणजे?"

"ऑफिसचं."

"आई, तू वीज घेतेस का अणुबाँब बनवतेस?"

हसण्यावारी गेलं. आठव्यात बाईला हलवत नाहीत, त्यामुळे तो महिना मला आयताच मिळाला. पण यांचं हसणं बंद झालं होतं. एका दुपारी मौन संपायची वाट बघत ताटासमोर बसून राहिले, आणि मी हात धुताच म्हणाले, "तिच्या सासूला उभं राहता येत नाही. पोरीला न्हाऊ कोण घालणार? तू जातेस का तिकडं?"

"घर रिकामं ठेवता येत नाही."

"मग नोकरी सोड."

"सोडली तरी नोटिशीचे तीन महिने हेच घर, हाच मीटर. आणि मी सोडली हेच बाजाराला पहिलं कळेल."

"म्हणजे आपण जायचं नाही, तिनं यायचं नाही, आणि नोकरीही सोडायची नाही." एकेक बोट दुमडत त्यांनी मोजलं. "गणितात याला उत्तर नाही असं लिहितात."

नववा लागला आणि दुसऱ्याच बुधवारी मेजर स्वतः माझ्या खोलीत आले. हातात माझा तोच अर्ज, त्यावर मंजुरीची सही.

"आणा मुलीला, मॅडम. गिझर, एसी, काय हवं ते लावा. वरून परवानगी आली."

डोळेच भरून आले. मी खुर्ची पुढे केली, डब्यातली वडी दिली. त्यांनी ती हातातच धरली.

"फक्त एक. येत्या सोमवारी आणा."

"सोमवारी अमावस्या आहे, साहेब. अवघडलेल्या मुलीला अमावस्येला नाही आणत कोणी. मंगळवारी आणते."

"विचारून सांगतो," म्हणाले आणि बाहेर गेले.

तेवढ्या वेळात मी शर्वरीला फोन केला. ती ओरडलीच. "खरंच? खोली माझीच ना? बाबांचे पेपरचे गठ्ठे काढ आधी तिथले!" मी म्हटलं, काढते. डिंक आणलाय, अळीव आणलेत, बाळंतविड्याची कापडं धुऊन ठेवलीत. सगळं एका दमात सांगून टाकलं.

मेजर दहा मिनिटांनी परत आले. "सोमवारच, मॅडम."

वडी अजून त्यांच्या हातात होती.

एका बाईच्या लेकीनं कोणत्या दिवशी माहेरी यावं, हे विचारायला मेजर फोनवर दहा मिनिटं कोणाशी बोलला? ते गेल्यावर मी छावणीच्या गरजेचा तक्ता उघडला. तो सकाळीच आला होता, मी नीट पाहिला नव्हता. शनिवार-रविवार ट्रकांचं चार्जिंग, सगळं बॅटरीघरातून. सोमवारपासून भटारखान्याची वीज चौथाईवर. रडार बंद. बराकींचे पंखे बंद. आणि माझ्यासाठी सूचना: खरेदी रोजच्याएवढीच ठेवावी.

छावणी रिकामी होत होती. सगळे दुसरीकडे कुठेतरी निघाले होते. आणि त्याच दिवशी माझं घर हलायला हवं होतं. तीन वर्षांत ज्या मीटरवर काटा हलला नाही, तिथं एकदम गिझर, एसी, दिवे. बाजारातली यंत्रं म्हणणार, देवखडीत काहीतरी शिजतंय. भाव चढणार. पलीकडचे भाव पाहणार आणि नजर इथं लावणार. नजर, आणि आणखी जे काय लावायचं ते.

मी मेजरांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

"साहेब, सोमवारनंतर छावणीत कोण राहणार?"

त्यांनी समोरचे कागद सारखे केले. "पहारा राहील. बाकी कोणी नाही. म्हणजे इथं काही झालंच, तरी फारसं कोणाला लागणार नाही. हे चांगलंच ना?"

"फाटकापासून माझं घर एक किलोमीटरवर आहे."

"शक्यता फार कमी आहे, काकू." मॅडमवरून एकदम काकूवर आले. "शंभरात दोन. मी स्वतः विचारलं. तिकडं वर साडेचारशे मुलं जाणार आहेत. बाजाराचं लक्ष तिकडं गेलं तर काय होतं ते तुम्ही पाहिलंय."

पाहिलं होतं. त्या अकरा जणांची नावं मला पाठ होती. रोज दिव्यापाशी मी ती घेत असे.

"तुमची बहीण असती तर आणली असती इथं?"

त्यांनी माझा अर्ज उलटा करून ठेवला. ते खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं धरते.

"घर हलवते मी," मी म्हटलं. "मुलगी येणार नाही."

"पण मुलीशिवाय..."

"मीटरला मुलगी कुठं दिसते? त्याला बटणं दिसतात."

त्यांनी मान खाली घातली. मग खणातून एक कागद काढला. हजार घरांचे मीटर तपासून कोणीतरी बाळंतिणीच्या घराचं वेळापत्रक केलं होतं. सकाळी सहाला हीटर, दहाला बाळाच्या अंघोळीचं पाणी, वॉशिंग मशीन दोनदा, दिवा अमुक वेळी, मिक्सर तमुक वेळी. कागद तयारच होता. मी नाही म्हणेन तर काय, याचाही विचार कोणीतरी करून ठेवला होता.

मी पेन घेतलं. "सोमवार खोडा. हजार घरांत अमावस्येला आलेली एकही लेक यंत्राला सापडली नसेल. तिथंच ते ओळखेल की हे सोंग आहे. रविवारी आली असं दाखवू, जेवणाच्या आत. आणि येईपर्यंत खोली झाडायची, पंखा लावून वाळवायची. शनिवारपासून धरा." पुढे पाचवीच्या पूजेला दिवे जास्त हवेत, तेही लिहिलं.

अवघड काम पुढेच होतं. शर्वरीला खरं सांगायचं नाही, अशी माझी सही होती. आणि साधं कारण ती मानणार नव्हती. दोन तासांपूर्वी मीच डिंक-अळिवांचं बोलले होते. तिनं पुन्हा विचारूच नये, असं काहीतरी हवं होतं.

"शर्वू, येऊ नकोस."

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मी विचार केला. घरात बाळंतपण म्हणजे सोयर येणार. माझी पूजा बंद पडेल."

ती हसली. "आई, मुलीच्या बाळाचं तीनच दिवस असतं. सासूबाईंनी आधीच विचारून ठेवलंय. तीन दिवस बाबा करतील पूजा."

"तीन दिवसही नको."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग कोणीतरी गॅस बंद केला.

"तुझ्या देवाला मी चालत नाही?" तिनं हळूच विचारलं.

"माझा नेम आहे," मी म्हटलं.

आयुष्यात मी खोटं फार थोडं बोलले असेन. आणि हे बोलायला मला देवच पुढे करावा लागला, कारण माझ्या तोंडून तेच तिला खरं वाटलं असतं. फोन तिनं ठेवला.

हे दारात उभे होते. सगळं ऐकलेलं. मी डिंकाची पुडी, अळीव, कापडं त्यांच्या पिशवीत भरली आणि म्हटलं, "तुम्ही जा सांगलीला. रविवारच्या आत निघा. काम संपेपर्यंत तिकडंच राहा."

"हेमांगी, खरं कारण काय आहे?"

मी पिशवीची चेन लावत राहिले. तीस वर्षांत त्यांनी मला नावानं दोन-तीनदाच हाक मारली असेल. ते शनिवारी सकाळच्या गाडीनं गेले. जाताना एकही विनोद केला नाही.

रविवारी जेवणाच्या आत मी शर्वरीला घरी आणलं. मधल्या खोलीत एसी चोवीसवर. पलंगाशी दिवा. चारला दूध तापवलं, एकटीनं प्यायले. सोमवारी सकाळी सहाला हीटर. नऊ वाजता बाजार पाहिला तर संध्याकाळच्या तुकड्यांचा भाव सात रुपयांवरून साडेनऊवर गेलेला. मंगळवारी अकरा. यंत्रांना पटलं होतं. मी शहाण्णव बोल्या रोजच्यासारख्या लावल्या आणि दुपारी मौनात जेवले. त्या घरात तसंही बोलायला कोणी नव्हतं.

गुरुवारी बाराच्या सुमाराला भोंगा झाला. दोन ड्रोन आले होते. एक पहाऱ्यानं हवेतच पाडलं, दुसरं कवायतीच्या रिकाम्या मैदानावर पडलं. माणसाला खरचटलंही नाही. माझ्या घराच्या पश्चिमेच्या काचा मात्र फुटून आत आल्या. मधल्या खोलीत गेले तर पलंगभर काचा. उशीवर हाताएवढी एक, उभी रुतलेली. मी सुपलीत काचा भरल्या, चादर बदलली, खिडकीला पुठ्ठा लावला, आणि यादीप्रमाणे दुपारचा एसी लावला. शंभरात दोन म्हणाले होते.

दहाव्या दिवशी बातम्यांत सांगितलं, डोंगरातल्या ठाण्यावर कुमक सुखरूप पोचली. साडेचारशेच्या साडेचारशे. मेजर खास येऊन सांगून गेले. उभ्या उभ्या मला नमस्कार केला, वाकून. मी विचारलं, "मग आता बंद करू?"

"अजून नको. मुलं वर आहेत तोवर तरी. आणि काकू, एकदम बंद केलं तर..."

"कळलं," मी म्हटलं. बाळंतीण अशी एका दिवसात उठून जात नाही.

त्याच आठवड्यात सांगलीला शर्वरीला मुलगी झाली. यांचा फोन आला. सात पौंड, कान तुझ्यासारखे, बाई ठेवलीय न्हाऊ घालायला. त्या दिवसापासून मी यादीतला दुसरा भाग सुरू केला: बाळाचं पाणी, लंगोट, शेक. पाचवीला पूजेचे दिवे लावले. पाटावर वही-पेन ठेवलं, सटवाईनं लिहावं म्हणून. ते यादीत नव्हतं, त्याला वीजही लागत नाही. पण ठेवलं. तिकडं यांनीही ठेवलंच असेल.

बाळ बावीस दिवसांचं झालं त्या सकाळी शर्वरीचा व्हिडिओ कॉल आला. इतक्या दिवसांत पहिला. मी ओल्या हातांनीच घेतला.

पडद्यावर आधी बाळ दिसलं. लाल, मुठी वळलेलं, झोपेत ओठ चोखणारं.

"बघ, कशी आहे," शर्वरी म्हणाली. आवाज जपून, पण मऊ. "आई, मी खूप रागावले होते. अजून आहे थोडी. पण हिला बघितलं की वाटतं, तू काहीतरी कारणानंच... जाऊ दे. सोयर-बियर संपलं आता. सव्वा महिना झाला की आम्ही येऊ का? दोन दिवस. तुझ्या देवघरात नाही येणार."

"शर्वू..."

"थांब. तो आवाज कसला?" ती पडद्याजवळ आली. "वॉशिंग मशीन? तू कपडे हातानं धुतेस."

मी फोन फिरवायला गेले तो उलटाच फिरला. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. दिवा चालू, एसी चालू, पलंगावर नवी चादर, पलंगाशी शेकाचा हीटर.

"आई, माझ्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही."

"बाबा इथं आहेत. तू एकटी आहेस. मग हे कुणासाठी लावलंस?" तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "शेकाचा हीटर आहे तो. कुणाला आणलंयस तू तिथं? मला सोयर म्हणालीस आणि दुसऱ्याच कुणाच्या बाळंतपणाला..."

नाही म्हणावं तर खोली समोर दिसत होती. हो म्हणावं तर कोण, हे सांगायला हवं. खरं सांगावं तर साडेचारशे मुलं अजून वर होती. बाळ झोपेत दचकलं, तिनं त्याला छातीशी धरलं.

"आमचं बाळंतपण छान झालं," ती म्हणाली. "तुझ्याकडच्यांचंही नीट कर."

पडदा काळा झाला.

मशीन थांबलं होतं. आत काहीच कपडे नव्हते, नुसतं पाणी फिरलं होतं. मी हात पदराला पुसले. भिंतीवरच्या यादीत बघायची आता गरज पडत नव्हती. दहा वाजत आले होते, बाळाला न्हाऊ घालायची वेळ. मी न्हाणीघरात गेले आणि गिझर लावला.